बत्तिसातली एक राह्यली

दीपमालानं सातवं पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा हर्षदीप सरांनी वर पाह्यलंसुद्धा नाही.

"आता काय झालं?"

"याच्यात कोनी जेवतच नाही, सर."

"म्हंजे?"

"दोनशे पानं लढाई चालू हाय. पन चूल काई पेटली नाही. मानसं उपाशीच लढून राह्यले."

सरांनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं, जसं काही मागच्या बाजूला चूल सापडणार होती. याच्या आधीचं तिनं परत आणलं होतं ते, राजा मेल्यावर त्याच्या जमिनीचं काय झालं हे सांगितलं नाही म्हणून. त्याच्या आधीचं, त्यातल्या दोघांचं लग्न मायबाप काऊन लावत नाहीत म्हणून. कुत्रा हरवल्याचं पुस्तक तं एका दिवसात आलं. "कुत्र्यासाठी येवढं रडाचं?" पंधरा वर्षांची पोट्टी, अन् तक्रारी साठीच्या. सरांना काही उमगेना.

हर्षदीप सर बोथकडच्याच, तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या एका खेड्यातले. वडील बाबाराव दुसऱ्याच्या वावरात सालदार होते. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. इंग्रजी फक्त परीक्षेत भेटायची. सर तिला गाइडातून भेटले, गाइड पाठ करून बी.ए. झाले, एम.ए. झाले, नोकरीला लागले. वीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. पण एखादं पुस्तक आवडतं म्हणजे नेमकं काय होतं, डोकं गरम होतं का पोटात गोळा येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोशिवाय ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. प्रीतीबाई म्हणायच्या, "तुमी म्हंजे सोता न जेवनारे आचारी."

अन् नेमकं यांच्याच गळ्यात ते काम आलं. दिवाळीनंतर शाळेत इंग्रजी गोष्टींच्या दोन पेट्या आल्या. सोबत एक फॉर्म. नववीच्या प्रत्येक लेकराला आवडलेलं एक पुस्तक, नाव समोरच्या खान्यात, शेवटी कैफियतीचा, म्हणजे शेऱ्याचा खाना. दोन महिन्यांनी पालकांची सभा, मंडळाचे, म्हणजे तालुक्याचे, शिक्षण-साहेब येणार, नावं मोठ्यानं वाचणार.

सरांनी आधी हजेरीच्या नंबरानं पुस्तकं वाटली. पोट्ट्यांनी ती तशीच परत आणली. मंग सर स्वतः वाचायला लागले, बोथहून येता-जाता बसमध्ये. कोणतं पोरगं मोटारसायकल खोलतं, कोणती पोरगी भांडते, कोण मागच्या बाकावर चित्रं काढतं, हे पाहून हळूहळू एकेकाला एकेक पुस्तक चिकटवलं. कुलदीप म्हणाला, "मले हे आवडलं, सर, बारीक हाय म्हनून." सरांनी तेही लिहून घेतलं. अशी एकतीस झाली. हेडमास्तर तर खूश होऊन साहेबांना कळवून बसले की बत्तीसच्या बत्तीस होतील.

राह्यली दीपमाला. वर्गात सगळ्यात चांगलं वाचणारी तीच.

आठवं पुस्तक दिल्यावरच्या रविवारी सर तिच्या घरी गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, कापूस येचाले गेली आजीसंगं. सर वावरात गेले अन् बांधावरच थबकले. दहा-अकरा बाया ओळीनं पराटीत वाकलेल्या, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मधात दीपमाला. कापूस वेचता वेचता ती मोठ्यानं सांगत होती. परवाच दिलेलं आठवं पुस्तक, पण मराठीत.

"थांब वं," एक बाई म्हणाली, "ते सकाळून काय खाऊन निंगाली?"

"ते नाही लिवलं."

"नवरा कुठी हाय तिचा?"

"तेही नाही लिवलं."

"मंग लिवलं काय?" दीपमालाची आजी रुक्माबाई कमर सरळ करून म्हणाली. "नाही जमत हे. परत दे मास्तराले." तेवढ्यात तिला बांधावर मास्तरच दिसले. "जय भीम, मास्तर! बरं झालं आले. जरा पाहून देत जा ना बापा पुस्तकं."

सरांच्या ध्यानात आलं की दीड महिना आपण एका पोरीला नाही, अकरा बायांना पुस्तकं देऊन राह्यलो.

रुक्माबाईनं मंग खुलासा केला. पावसाळ्याचे तीन महिने दीपमाला रोज विहारात ग्रंथ वाची, बाया ऐकत. ग्रंथ सरला, पण कानाला सवय लागली. "म्हनलं, शाळेतलं सांग. ओळ लवकर सरते."

"पन आजी, ते पुस्तक तिच्यासाठी देल्लं होतं."

"मंग आमी काय खाल्लं का ते?"

बाया हसल्या. सरही हसले, पण हसावं का नाही ते समजलं नाही. हे चांगलं झालं का वाईट? त्यांनी दीपमालाला बाजूला बोलावलं.

"तुले सोताले कोनतं आवडलं?"

"मले?" तिनं बोंडातला कापूस ओढला, ओटीत टाकला. "मले कोनी इचारलंच नाही."

पेटीत तिला न दिलेलं एकच उरलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरा कुरतडलेलं. बर्फाच्या डोंगरावर एक पोरगी एकटीच चौकी राखते अन् रोज बर्फ मोजते. बस. सरांनी ते वाचलं होतं अन् त्यांना त्यात काहीही सापडलं नव्हतं. सोमवारी त्यांनी ते नुसतं द्यायचं म्हणून दिलं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. पुस्तक परत येईना. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मधल्या सुट्टीत तिला थांबवलं.

"हरवलं का?"

"नाही, सर. दुसऱ्यांदा वाचून राह्यली."

सर खुर्चीतून उठलेच. "अन् आजी काय म्हने?"

"आजीले सांगतलंच नाही. सरनं पुस्तक देल्लं नाही म्हनलं."

"काऊन?"

तिनं दप्तर जवळ ओढलं.

"हाय काय पन त्याच्यात?"

"ते पोरगी अख्खा हिवाळा कोनासंगं बोलत नाही."

"मंग?"

"मंग काई नाही. बरं वाटते."

सरांनी फॉर्म ओढला, पेनाचं टोपण काढलं. तिनं खान्यावर हात ठेवला.

"नका लिवू, सर. उद्या नाव वाचतीन, मंग आजी म्हनन, सांग. सांगतलं का बाया इचारतीन, ते काय खाते, तिची माय कुठी हाय. मंग ते माह्यं नाही राहत."

"अवं, पन बत्तीस म्हनून कळवलं हाय हेडमास्तरनं."

तिनं हात काढला नाही.

सभेत साहेबांनी एकतीस नावं वाचली, एकतीस वेळा टाळ्या पडल्या. मंग ते थांबले. "दीपमाला? इथं काही नाही."

सर उभे राह्यले. समोर पोरींच्या रांगेत दीपमाला मान खाली घालून बसली होती, मांडीवरचं दप्तर दोन्ही हातांनी धरलेलं. दप्तरात काय आहे ते सरांना माहीत होतं. हेडमास्तर त्यांच्याकडे पाहत होते.

"एक राह्यली, साहेब."

"दोन महिने काय केलं मग?" साहेबांनी कैफियतीच्या खान्यात लाल शाईनं लिहिलं, प्रयत्न कमी.

मागून रुक्माबाईचा आवाज आला. "मास्तर! येवढ्या दोन पेट्या, अन् माह्या नातीले एक पुस्तक नाही भेटलं तुमाले?"

लोक हसले.

"चुकलं, आजी," सर म्हणाले.

घरी प्रीतीबाईंनी चहा पुढं ठेवला. "जमलं का?"

"जमलं का नाही जमलं, तेच समजून नाही राह्यलं," सर म्हणाले. सगळं सांगितलं. वर म्हणाले, "पंधरा दिवस वाचून राह्यली ते. मले काऊन काई दिसलं नाही त्याच्यात?"

"मंग वाचा ना परत."

सरांनी कप बाजूला सारला. वाचावं असं त्यांना खरंच वाटून राह्यलं होतं. पण पुस्तक दीपमालाजवळ होतं, अन् तिला ते मागावं तरी कोणत्या तोंडानं?