रूमाल वर, रूमाल खाली

मागच्या वर्षी शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी, वाशीतल्या एका शाळेच्या फाटकावर उरणजवळच्या जासईहून आलेली बेंजो पार्टी, म्हणजे हळदी-लग्नात बेंजो आणि ढोल वाजवणारी मंडळी, वाद्यं सरसावून उभी होती आणि वाजवत नव्हती. कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या बाईंच्या तडाख्यातून सुटलेला माणूस नवी मुंबईत मला अजून भेटलेला नाही.

बाई त्या शाळेत विशेष मुलांचा विभाग चालवत. अकरा महिने त्या तुमच्याआमच्यासारख्या असत. भाजी घेत, लिफ्टबद्दल तक्रार करत. शाळा उघडायची वेळ आली की मुलांना जे जे सोसावं लागणार, ते आधी मोठ्यांना सोसायला लावत. नव्या गणवेशाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं का, हे पाहायला त्यांनी एकदा तशीच लेबलं आमच्या शर्टांना शिवून दिली. सोसायटीची मीटिंग सगळ्यांनी मान खाजवत उरकली. शाळेत नवा रॅम्प झाला तेव्हा आमच्या सेक्रेटरींना व्हीलचेअरवर बसवून त्यांनी तो चढवला. रॅम्प उत्तम होता, फक्त वर पोचल्यावर समोर पायरी होती. सेक्रेटरी तिथे अडकले. "मॅडम, खाली घ्या ना, लोक बघतायत," ते म्हणाले. "लोकांनाच दाखवायचंय," असं म्हणून बाई कॉन्ट्रॅक्टरला बोलवायला गेल्या. तो जेवायला गेला होता. तो येईपर्यंत सेक्रेटरी वरच होते.

दर उन्हाळ्यात बाईंच्या वर्गात शाळा आपली अडगळ भरून ठेवी. एका वर्षी तिथे स्नेहसंमेलनातला प्लायवूडचा किल्ला निघाला. बाईंनी तो शिपायांकरवी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवला. तुमच्याकडे कोपरा रिकामा आहे, माझ्याकडे मुलं येणार आहेत, एवढाच निरोप सोबत होता. गणेशोत्सवापर्यंत मुख्याध्यापक बुरुजाआडून सह्या करत होते.

पण खरी लढाई बेंजोशी झाली. संस्थेचे अध्यक्ष इथल्याच गावचे. शेती शहरात गेली, शेठ बिल्डर झाले. पहिल्या दिवशी मुलांचं स्वागत वाजवूनच व्हायचं, हा त्यांचा नेम. मी सांगतोय त्या सकाळच्या आदल्या वर्षी बेंजोचा पहिला ठोका पडला आणि बाईंच्या वर्गातली मनवा कानांवर हात दाबून फाटकातून जी पळाली, ती दिवाळीपर्यंत शाळेत आली नाही. अचानक आलेला मोठा आवाज तिला सहन होत नाही. या वेळी फाटकावरून परतली तर घरीच ठेवू, असं तिच्या वडिलांनी बाईंना सांगून टाकलं होतं.

बाई शेठकडे गेल्या. शेठनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बाई, हलदीला वाजतं, लग्नान वाजतं. शालेनी काय पाप केलाय?"

मग बाईंनी बेंजो थांबवण्याचा नाद सोडला आणि मनवाला रिक्षात घालून थेट जासईला नेलं. सोबत तिची आई होती आणि, न विचारता, मी. पार्टी एका पत्र्याच्या शेडमध्ये सराव करत होती. बाईंनी मनवाच्या हातात पिवळा रूमाल दिला. रूमाल वर गेला की वाजवायचं, खाली आला की बंद. मध्ये कोणी बोलायचं नाही. मनवा बराच वेळ रिक्षातच बसून राहिली. मग रूमाल जेमतेम खांद्यापर्यंत गेला. ठण. लगेच खाली. पुन्हा वर. संध्याकाळपर्यंत ती त्यांना नळासारखी चालू-बंद करत होती आणि हसून हसून तिला उचकी लागली होती. पार्टीचे मास्तर घाम पुसत म्हणाले, "बाई, नवरदेवाचा मामापन येवरा तरास देत नाय."

तर त्या सकाळी फाटकावर सगळे जमले. शेठ फेटा बांधून तयार. मनवा आईला चिकटून रिक्षात, रूमाल मुठीत.

"वाजवा रं," शेठ म्हणाले.

"मॅडम रिक्षात हाय," मास्तर म्हणाले.

शेठनी बाईंकडे पाहिलं. बाई शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी निरखत होत्या. पालक कुजबुजायला लागले. मनवाचे वडील घड्याळ बघत होते. मग रिक्षातून एक हात बाहेर आला आणि रूमाल वर गेला.

बेंजो असा वाजला की शेठच आधी नाचायला लागले. रूमाल खाली आला तेव्हा त्यांचा एक पाय वर होता. मग भाषण झालं. "शिक्षन हे," असं शेठ म्हणाले आणि रूमाल वर गेला. शिक्षण हे काय, ते त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हाही कळलं नाही. तिसऱ्यांदा शेठनी हात जोडले आणि मुलांना आत सोडायला सांगितलं. मनवा बेंजोच्या पुढून, रूमाल हलवत, फाटकातून आत गेली. शाळा सुटली तेव्हा सगळ्यांबरोबर बाहेर आली.

या वर्षी बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये आम्हाला कोणी कशावर बसवलं नाही, शर्टांना काही शिवलं नाही. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले, मॅडमची तब्येत बरी आहे ना.

शाळा उघडली त्या सकाळी मी वर गेलो. बाई गॅलरीत चहा घेऊन बसल्या होत्या. शाळा तिथून दिसत नाही, ऐकू येते. बेंजो सुरू झाला, एकदम थांबला, पुन्हा सुरू झाला. बाईंनी गार झालेला चहा संपवला.