अर्धे नख

आईच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढा गुलाबी भाग आला आहे. त्याच्यापुढे तेच जुने, पिवळे, भुसभुशीत नख.

वीस वर्षे तिने मंगल कार्यालयात भांडी घासली. माझी पदवी त्याच साबणाच्या पाण्यातून आली आणि तिच्या नखातली बुरशीही. माझी मुलगी वरणभात खायला लागली, तेव्हा आई पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "मला डॉक्टरकडे ने रे. असल्या हातानं पोरीला घास कसा भरवू?"

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, किडलेलं नख सुधारत नाही. खालून नवं येतं, सावकाश." ती रोज सकाळी अंगठा उजेडात धरायची. "मुंगीच्या पावलानं का होईना, येतंय बघ."

दुसऱ्या महिन्यात रक्त तपासले. गोळ्यांमुळे लिव्हरला सूज आलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या तिथेच थांबवल्या.

"थोड्या दिवसांच्या तरी द्या की," ती म्हणाली. "निम्मं तर आलंय."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचे गोळ्यांचे नाव खोडले.

एवढ्याशा नखापर्यंत पोचायला औषधाला सगळ्या शरीरातून जावे लागते. आईचे कष्टही असेच माझ्यापर्यंत पोचले. वाटेत तिच्या आत काय काय झिजले, ते मी कधी तपासले नाही.

आता ती नातीला चमच्याने भरवते. चमच्याची सवय नाही, त्यामुळे भात वाटेतच सांडतो. पोर तिचा हात धरून तोंडाकडे ओढते, आणि आई अंगठा मुठीत घट्ट मिटून घेते.