रंगीत झेरॉक्स

काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड उजेडाकडे धरलं, मग त्याचा कोपरा नखाने खरवडला. "मॅम, ये तो फोटोकॉपी है," ती म्हणाली. मला हसू आलं. जर्मनीत राहायची परवानगी देणारं ते कार्ड तीन वर्षं माझ्या पर्समध्ये होतं. मी ते झोपेतही ओळखलं असतं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि मी नीट पाहिलं. रंग तोच, नंबर तोच, फोटोतला माझा घाबरट चेहराही तोच. फक्त बोट फिरवल्यावर उठावाची अक्षरं लागत नव्हती आणि चारही कडांना लॅमिनेशनची पारदर्शक किनार होती. तिने वरच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून हळूच "फेक?" असं विचारलं.

नागपूरचं विमानतळ, रविवारची दुपार. काउंटर बंद व्हायला सव्वा तास होता. त्या कार्डाची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती आणि मंगळवारी सकाळी तिकडच्या परदेशी लोकांच्या ऑफिसात माझी टर्मिन होती. टर्मिन म्हणजे नुसती अपॉइंटमेंट नव्हे. ती मिळवायला मी चार महिने ईमेल करत होते. ती चुकली की मुदत संपणार, मुदत संपली की ज्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे तिथली ड्युटी बंद. आमच्या मोठ्या सिस्टरने निघतानाच सांगितलं होतं, कार्ड नाही तर काम नाही. तरी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस जीव मुठीत धरून आले होते.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेलेत त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. घरी राहिलेल्यांना मात्र मी ती कधी सांगितलीच नाही. फोनवर मी बर्फाचे फोटो पाठवते. पण सरकारी लिफाफा दारातल्या पेटीत पडला की तो उघडण्याआधी मी खुर्चीवर बसते, आणि रस्त्यात गणवेशातला माणूस दिसला की काही गुन्हा नसताना पर्स चाचपते. इतकं जपलेलं कार्ड शेवटी माझ्याच आईबाबांकडे बदललं गेलं होतं.

मी बाबांना फोन लावला. मला सोडायला आलेले बाबा विमान उडेपर्यंत बाहेरच थांबतात, हे मला माहीत होतं.

"बाबा, माझं कार्ड कुठं हाय?"

"कपाटात हाय ना, लोखंडी डब्यात. काहून?"

"मंग पर्समधी काय ठेवलं तुमी?"

"झेरॉक्स. कलर. दोन्ही बाजूनं काढली, चिकटवली, लॅमिनेट केली. सेम टु सेम. काहून, चांगली नाही आली?"

माझे बाबा तीस वर्षं नागपूरलगतच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये कागदपत्रं सांभाळायचे. आजा उमरेडला हातमागावर बसायचा. बाबा ट्रकांच्या कागदांत बसले. गाडी निघाली की ड्रायव्हरच्या हातात आर.सी.ची, परमिटची झेरॉक्स, आणि असल कागद साहेबांच्या तिजोरीत. रस्त्यात कागद हरवतो, भिजतो, कोणी ठेवून घेतो. "असल कागद रस्त्यावर फिरत नसते," हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझी दहावीची मार्कशीट मी स्वतः दोनदाच पाहिली असेन. लेक सात हजार किलोमीटर जाते म्हटल्यावर त्यांनी तिलाही ट्रकासारखंच रवाना केलं. निघायच्या आदल्या दिवशी पर्समधलं कार्ड काढलं, दुकानात जाऊन तास घालवला, कोपरेसुद्धा कात्रीने गोल केले. पासपोर्ट असलच लागतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. कार्डाचं सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय?

मी दाराकडे धावले. जवानाने मला बाहेर जाऊ दिलं नाही, बाबांना आत येऊ दिलं नाही. तो मधे उभा, आणि त्याच्या खांद्यावरून आमचं बोलणं.

"असल लागते तिथं?" बाबांनी विचारलं. चेहरा असा पडलेला की मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

"असलच लागते! झेरॉक्स दाखवली तं फेक म्हणून राहिले मले!" माझा आवाज चिरकला. लोक बघत होते. "नोकरी जाईन माही. सगळं जाईन. मले घरी जाऊ द्या ना, बाबा!"

ते शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. वाडीतलं आमचं घर तिथून अर्ध्या तासावर होतं. आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तिथेच बसली होती. आणि मी बापासमोर उभी राहून दुसऱ्याच देशातल्या एका भाड्याच्या खोलीला घर म्हणत होते. बाबा म्हणाले, "रडू नको वं. आत्ता आणतो," आणि स्कूटरकडे वळले.

त्यानंतरचा तास मी बाकावर काढला. आधी कार्डाची भीती होती. मग बासष्ट वर्षांचा माणूस त्या ट्रकांच्या गर्दीत, डोळ्यांत कदाचित पाणी असताना, स्कूटर पळवतो आहे हे लक्षात आलं आणि कार्ड मागे पडलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेले तेव्हा तिकडच्या शांततेत मला झोप लागेना, कारण ट्रकांच्या हॉर्नशिवाय मी कधी झोपलेच नव्हते. या वेळी वाडीत दहाही रात्री त्याच हॉर्नने दचकून उठत होते. आईला वाटलं, मी तिच्या डोळ्याच्या काळजीने जागी आहे. मी तसंच वाटू दिलं. आता सहा वेळा फोन केला, बाबांनी उचलला नाही. गाडी चालवताना ते उचलत नाहीत, हे माहीत असूनही सातव्यांदा केला. जाऊ दे ती टर्मिन, जाऊ दे नोकरी, हा माणूस धड परत येऊ दे, असं मी पुटपुटत होते. आणि खरं सांगते, लगेच पुढच्या क्षणाला घड्याळही बघत होते.

काउंटर बंद व्हायला नऊ मिनिटं उरली असताना ते आले. हेल्मेट डोक्यावरच होतं. कार्ड रुमालात, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात. जवानाने ते घेऊन माझ्या हाती दिलं. माफी मागायला तोंड उघडलं तर बाबा हातानेच म्हणाले, जा, जा. मी पळाले. मागे वळून पाहायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगते.

मंगळवारी ऑफिसातल्या बाईंनी बोटांचे ठसे घेतले, कागद तपासले आणि तीन वर्षं मुदत वाढल्याचं सांगितलं. एवढं साधं. पण त्याआधी, सोमवारी संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडून मी बाबांना फोन केला होता. दर वेळी ते विचारतात, "पोचली का तिकडं?" त्या दिवशी त्यांनी जरा थांबून, जपून विचारलं, "पोचली का घरी?"

घर तं वाडीतच हाय बाबा, असं म्हणायचं होतं. त्यांनी नेहमीसारखं ‘तिकडं’ विचारलं असतं, तर मी ते म्हटलंही असतं. पण त्यांनी माझं म्हणणं मान्य करून टाकलं होतं, आणि त्या मान्यतेची वाटली इतकी भीती मला आजवर कुठल्याच कागदाची वाटली नव्हती.

"हो बाबा," मी म्हणाले, "पोचली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दोघांपैकी कोणीच बराच वेळ फोन ठेवला नाही.