तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आर्विड टॉलेफसनचं लग्न कसं झालं हे टॉर्सबी गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते त्यानं केलंच नाही, टिलीनं केलं. चर्चच्या तळघरात जेवणं आटोपल्यावर ताटं पुसता पुसता तिनं त्याला सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न करतोस का?" आर्विड म्हणाला, "छे छे, तुला कशाला उगीच त्रास." टिली पलीकडच्या जर्मन वस्तीतली. त्यांच्यात नको म्हणजे नको. बिचारी आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडली. मग कुणीतरी तिच्या मावशीला समजावलं, की बाई, ही मूळची नॉर्वेजियन माणसं आहेत. यांना कॉफीसुद्धा तीनदा विचारावी लागते. पहिला नकार रीतीचा, दुसरा सभ्यतेचा, आणि तिसऱ्या खेपेला "बरं, अर्धाच कप" म्हणून दोन कप रिचवतात. टिलीनं डोळे पुसले आणि आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी आर्विड म्हणाला, "बरं, तुझी काही अडचण होणार नसेल तर." त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली.

माणूस तसा सोन्यासारखा. फक्त विकत घ्यायची वेळ आली की त्याच्या अंगात यायचं. ट्रॅक्टर निवडायला त्याला चार वर्षं लागली आणि तोवर तो ट्रॅक्टर निघायचा बंद झाला. बूट घेतले तेव्हा दुकानदाराची मुलगी शाळेत होती, दुसरे घेतले तेव्हा ती दुकान सांभाळत होती. कंजूष म्हणावा तर तसंही नाही. चर्चच्या छपराला त्यानं एका दमात पैसे दिले. पण स्वतःसाठी काही घ्यायचं म्हणजे ते स्वस्त हवं, मस्त हवं, आणि आपण ते घेतलं याबद्दल कुणी आपल्याला नावं ठेवायला नकोत.

असा माणूस रायफल घ्यायला निघाला.

कारण होतं गोफर. मुठीएवढी, बिळात राहणारी खार. बर्फ वितळलं की दोन पायांवर उभी राहून मालकाकडे असं बघते, जणू कुरण तिचं आणि मालक भाडेकरू. त्या वसंतात आर्विडच्या कुरणाची पार चाळण झाली. गवत गेलं ते गेलंच, पण खरी भीती बिळांची होती. टिली रोज बर्डीवर बसून गाई बघायला जायची. बर्डी तिची घोडी, बावीस वर्षांची, तपकिरी, एका डोळ्यानं थोडी अधू. शिंगरू असताना टिलीनं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. चार चाकांची मोटारसायकल घे असं सगळे सांगायचे, पण त्या आवाजानं गाई उधळतात आणि मोटारसायकल काही हाक मारली की कुंपणापाशी येत नाही. रोज संध्याकाळी टिली फावडं घेऊन गोठ्यापासून पाण्यापर्यंतच्या वाटेवरची बिळं बुजवायची. रोज सकाळी ती पुन्हा उघडलेली असायची.

"आर्विड," ती म्हणाली, "एक दिवस बर्डीचा पाय जाणार त्यात. मग मला तोंड दाखवू नकोस. विष घालू म्हटलं तर कुत्रा मरेल. बंदूक आण."

"बघतो ना."

"बघू नकोस. आण."

घरात बंदूक नव्हती असं नाही. हरणाच्या शिकारीची मोठी रायफल होती. पण तिच्या एका गोळीच्या पैशांत दोघांचं जेवण व्हायचं, आणि ती गोळी गोफरला लागली की गोफर, बीळ आणि मागचा कुंपणाचा खांब असे तिन्ही जायचे. बापाच्या वेळची बावीस नंबरची होती, बारीक गोळीची, याच कामाची. तिचा चाप तीन वर्षांपूर्वी तुटला. ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी, याचा विचार आर्विड तेव्हापासून करत होता.

आता त्यानं अभ्यासाला हात घातला. कॅटलॉग मागवले. पानांचे कोपरे इतके दुमडले की कॅटलॉग मिटेना. दोनशे डॉलरच्या आत बसणारी, पण दोनशे डॉलरची न वाटणारी रायफल त्याला हवी होती. एकीचा दस्ता प्लॅस्टिकचा, म्हणजे हातात खेळणं धरल्यासारखं. एकीचा लाकडाचा, पण पैसे लाकडाचेच घेतलेले. सतरा नंबरची गोळी लांब जाते, पण महाग. आपोआप झडणारी घ्यावी, तर गोळ्या भसाभस संपणार. मे महिना उजाडला तरी आर्विड वजनांच्या तक्त्यावरच होता. गोफर तक्ते बघत नाहीत. त्यांना तोवर पिल्लं झाली.

रोज सकाळी हॉटेलातल्या लांब टेबलावर या प्रश्नाची चर्चा व्हायची. तिथं बसणाऱ्या एकालाही आपल्याकडे आहे त्याहून चांगली रायफल जगात असेल हे मान्य नव्हतं.

"एकेरी घे," कॉर्नेल हाउगेन म्हणाला. कॉर्नेल म्हणजे आर्विडचा शाळेपासूनचा दोस्त, आणि दोस्त असल्यामुळेच त्याचं काही बरं झालेलं ज्याला बघवत नाही असा. "एकेक गोळी भरायची. नेम शिकतो माणूस."

"या वयात नेम शिकून काय करू?"

"मग दहा गोळ्यांची घे आणि दहाही चुकव. तुझ्या गोफर म्हाताऱ्या होऊन मरतील लेका, तू कॅटलॉग मिटवेपर्यंत."

सगळे हसले. आर्विडही हसला, आणि घरी जाऊन त्यानं एकेरी रायफलींसाठी नवा रकाना आखला.

मेच्या शेवटी मात्र देव त्याला पावला. शेजारची जागा डेल प्रुएट नावाच्या टेक्सासच्या पोरगेल्या माणसानं घेतली होती. तेलाच्या विहिरींवर कामाला आला होता आणि आता परत निघाला होता. तो कुंपणापाशी आला. हातात बावीस नंबरची रायफल: अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, खटका मागे ओढायचा, वर दुर्बीण, सगळं जपून वापरलेलं. अगदी कॅटलॉगच्या बाविसाव्या पानावरची. आर्विडच्या तोंडाला पाणी सुटलं.

"सर," डेल म्हणाला. आर्विडला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. "तुमच्याकडे गोफर फार झाल्यात. ही घेता का? सव्वाशे डॉलर द्या. माझ्याकडे अजून सहा आहेत."

सव्वाशे! नुसती दुर्बीणच तेवढ्याची होती. पण आर्विडच्या तोंडानं वळण सोडलं नाही.

"छे छे. तुलाच लागेल की वाटेत."

"वाटेत काय लागणार, सर? खरंच घ्या."

"नको रे बाबा, कशाला उगीच," आर्विड म्हणाला, आणि सवयीप्रमाणे एक पाऊल पुढे सरकला, म्हणजे तिसऱ्यांदा विचारल्यावर हात लांबवायला बरं.

"बरं," डेल म्हणाला. आणि गेला.

आर्विड कुंपणाला धरून तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, गाडीतून काही आणायला गेला असेल. मग वाटलं, जेवून येईल. घरी येऊन त्यानं टिलीला जादा कॉफी ठेवायला सांगितली. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! तो टेक्सासचा आहे, आर्विड. त्याला नको म्हणजे नको कळतं. आमच्यासारखं. जा, पळत जा आणि घेतो म्हण."

"दोनदा नको म्हटलंय. आता कुठल्या तोंडानं जाऊ? हावरट वाटेल."

"वाटू दे की हावरट! बर्डीपेक्षा जास्त आहे का ते?"

आर्विड दोन दिवस खिडकीत बसला. धुरळा दिसला की उठून शर्ट सारखा करायचा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आर्विडच्या घरी ती सख्खी आत्या होऊन राहिली होती.

तिसऱ्या दिवशी हॉटेलात कॉर्नेलनं टेबलावर दुर्बिणीचं झाकण ठेवलं. नुसतं झाकण. रायफल गाडीत होती. सगळ्यांना उठवून बाहेर नेऊन दाखवली. डेलनं दुकानातल्या फळ्यावर रायफल विकायची असल्याचा कागद लावला होता आणि कॉर्नेलनं तो अख्खाच फाडून खिशात घातला होता. कागदाला काही नको नको म्हणावं लागत नाही.

"सव्वाशेला," कॉर्नेल म्हणाला. "तुझ्या शेजारचाच माणूस. तुला नाही विचारलं त्यानं?"

"विचारलं असेल," आर्विड म्हणाला आणि थंडगार कॉफी प्यायला.

त्यानंतर त्याला दुसरी कुठली रायफल पसंतच पडेना. दुकानात जायचा, हातात घ्यायचा, खांद्याला लावायचा आणि ती अक्रोडाची नाही म्हणून परत ठेवायचा. दुकानदार म्हणाला, पानगळीत सेल लागतो. आर्विडला तेवढं पुरे झालं. पानगळीपर्यंत थांबणं म्हणजे त्याच्या हिशेबी घाईच. टिली म्हणाली, "मी आणते कुठलीही." तो म्हणाला, "थोडं थांब, चुकीची आणशील." ती थांबली. या माणसासाठी थांबायची तिला सवय होती, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत तिची चूक झाली असेल तर एवढीच.

जूनच्या शेवटच्या शनिवारी गाई पाण्याकडे वळवताना बर्डीचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत बिळात गेला. टिली गवतावर पडली, तिचा खांदा सुजला, पण ती उठली. बर्डी नाही उठली. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं पाय बघितला आणि आर्विडकडे न बघता टिलीकडे बघून मान हलवली. टिली घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घोडीला शेवटची सुई टोचली तेव्हाही टिली तिच्या कानाशी काहीतरी जर्मनमध्ये बोलत होती. दहा पावलांवर एक गोफर दोन पायांवर उभी राहून बघत होती. आर्विडला जन्मात एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्यानं टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"मला तोंड दाखवू नकोस" असं टिली त्याला म्हणाली नाही. फक्त त्या संध्याकाळी फावडं घेऊन बाहेर गेली आणि नेहमीच्या वाटेवरची बिळं बुजवत राहिली. आता त्या वाटेनं जायला कुणी नव्हतं.

तीन दिवसांनी कॉर्नेल समाचाराला आला. हातात बायकोनं दिलेलं बटाट्या-खिम्याचं भांडं होतं. आमच्याकडे माणूस जावो की घोडी, भांडं तेच येतं. तिघं अंगणात उभे राहिले. हवेबद्दल बोलून झालं. पावसाबद्दल बोलून झालं. मग कॉर्नेलची नजर आपल्याच गाडीच्या मागच्या काचेकडे गेली, जिथं ती अक्रोडाच्या दस्त्याची रायफल टांगलेली होती. आर्विडचीही तिकडेच गेली होती. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

"मी काय म्हणतो," कॉर्नेल म्हणाला, "ही रायफल हवी तर तूच ठेव. मी दिले तेवढेच दे. मला काय, माझ्याकडे गोफर नाहीतच फारशा."

आता हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं, की हे बोलायचं असतं म्हणून बोललेलं आहे. पहिली खेप नुसती रीतीची. समोरच्यानं "छे छे" म्हणायचं, आपण "बघ हं" म्हणायचं, त्यानं "नको रे" म्हणायचं, आणि मग आपण सुटकेचा श्वास टाकून आपली वस्तू घेऊन घरी जायचं. कॉर्नेल तर बोलता बोलताच गाडीच्या किल्ल्या चाचपू लागला होता.

आर्विडनं तोंड उघडलं. "छ" ओठांवर आलेला टिलीनं बघितला. तिनं मान फिरवली आणि रिकाम्या तबेल्याकडे बघत राहिली.

"हो," आर्विड म्हणाला.

"काय?"

"हो म्हणालो. घेतो. थांब, पैसे आणतो."

"तसं नव्हे... म्हणजे मी आपलं... नीट विचार कर, आर्विड. तुला ती एकेरी बघायची होती ना? आणि दुर्बीण थोडी डावीकडे मारते हं."

"मी उजवीकडे धरीन," आर्विड म्हणाला आणि घरात गेला. कॉर्नेलनं आशेनं टिलीकडे बघितलं. त्याला वाटलं, बाईमाणूस तरी नको म्हणेल. टिलीनं आपला चांगला हात पुढे केला आणि तळवा उघडून तशीच उभी राहिली. शेवटी त्यानं रायफल काढून तिच्या हातात दिली.

कॉर्नेल गेला. सव्वाशे डॉलर खिशात असूनही तो लुटला गेल्यासारखा गाडी चालवत होता. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यानं आर्विडच्या वागण्याबद्दल तक्रार केली, तेव्हा टेबलावरचं एकही माणूस त्याच्या बाजूनं बोललं नाही. सगळे आपण आजवर कुणाला काय काय नुसत्या रीतीपुरतं देऊ केलंय ते आठवत बसले होते.

इकडे कॉर्नेल गेला त्याच संध्याकाळी आर्विड पायरीवर बसून गोळ्या भरत होता. टिली येऊन शेजारी बसली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याजवळ बसली होती.

"येतं की तुला," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला हो म्हणायला."

"आलं."

"बंदुकीला आलं," टिली म्हणाली. "मला तीनदा विचारायला लावलंस."

आर्विडनं रायफल बाजूला ठेवली. मग तो उठला, भिंतीला टेकलेलं फावडं घेतलं आणि बर्डीच्या वाटेकडे चालू लागला. चार पावलांवर थांबून मागे वळला.

"येतेस का?"

टिलीनं त्याला आणखी दोनदा विचारायला लावलं.