कातळाचं चित्र

माझी आत्या पोटासाठी होड्यांवर नावं रंगवायची आणि जिवासाठी कातळ. धक्क्यावर तिला सगळे ‘खडकवाली’ म्हणत. सुट्टी मिळाली की ती बोटीने समोरच्या उघड्या बेटावर जायची. वारा असा, की कागदाची फळी कमरेला दोरीने बांधून बसावं लागे. संध्याकाळी परतायची ती ओठ फुटलेले, केसांत मीठ आणि चेहरा मात्र जत्रेतून आल्यासारखा.

“लोक भिंतीवर फुलं लावतात,” माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणत. “हे काळे धोंडे कोण लावणार?”

“ज्याला झेपतील तो.”

ती पन्नाशीची असताना बोट कंपनीने तिला धक्क्यावरच्या प्रवाशांच्या खोलीसाठी बेटाचं मोठं चित्र काढायला सांगितलं. आत्याने महिनोन् महिने खपून ते केलं. उभा फाटलेला कडा, खाली उसळून फुटणारं पाणी. जवळ उभं राहिलं की आपोआप पाय घट्ट रोवावेसे वाटत.

व्यवस्थापक बघून गार पडला. “बाई, तिकीट काढलेला माणूस परत जाईल! समुद्र जरा शांत करा. मागे छानसा सूर्यास्त टाका.”

“सूर्य त्या बाजूला मावळत नाही.”

“चित्रात मावळला तर काय बिघडतं?”

“माझ्या चित्रात बिघडतं,” म्हणून ती निघून आली.

चार दिवसांनी एका खलाशाने बातमी आणली: कंपनीने चित्र खोलीत लावलंय, पण दुसऱ्या रंगाऱ्याकडून लाटांवर गुळगुळीत निळं पाणी फिरवून घेतलंय. आत्या जेवत होती. ताटावरून उठली, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या पिशवीत कोंबल्या, मला म्हणाली, “चल, शिडी धर.”

भर दुपारी खोली प्रवाशांनी गच्च भरलेली. आत्या शिडीवर चढली आणि ओलसर निळा रंग पुसू लागली. पहारेकरी धावत आला. “बाई, खाली उतरा! साहेब माझी नोकरी घालवतील!”

“त्यांना सांग, बाई ऐकत नाही. खोटं नाही ते.”

तेवढ्यात बेटावरची एक म्हातारी टोपली खाली ठेवून पुढे आली. माझ्या शेजारी शिडीला हात लावून पहारेकऱ्याला म्हणाली, “याच लाटांतून मी ये-जा करते. शांत पाणी दाखवून कोणाला फसवताय?” लोक हसले. पहारेकऱ्याने कपाळावर हात मारला आणि तो बाकावर बसला. एकेक लाट परत वर आली.

दुसऱ्या दिवशी कंपनीने चित्र उतरवून आमच्या दारात आणून टाकलं. ते दारातून आत जाईना. वडील बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग पटाशी आणून त्यांनी दाराची चौकट उखडली.

कंपनीने पुन्हा कधी आत्याला बोलावलं नाही. तिनेही तिथे पाऊल ठेवलं नाही. बेटावर मच्छीमारांच्या होडीतून जाऊ लागली. पुढे गुडघे गेले, डॉक्टरांनी खडकांवर चढायची बंदी केली. “चढायला त्यांनी बंदी केलीय,” ती मच्छीमारांना म्हणाली, “उचलून न्यायला नाही.” मग ते तिला खुर्चीसकट उचलून कड्याखाली ठेवत, आणि भरती येईपर्यंत ती रंगवत बसे.