एकाच डबीतल्या गोळ्या

संध्याकाळची जेवणं झाली की आमचे हे डबीतून दोन गोळ्या काढायचे. पहिली माझ्या हातावर, दुसरी स्वतःच्या तोंडात. ताकदीच्या आहेत, असं सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. एचआयव्ही हा शब्द घरात काढायचा नाही, हे आम्हा दोघांचं ठरलेलं. मावला गावात आमचा भाजीचा मळा. लोकांना कळलं असतं तर आमची मेथी गुरांनाच घालावी लागली असती.

ह्यांचा आजार उशिरा सापडला, तोवर अंगावर नुसती हाडं राहिली होती. त्यांच्या पाठोपाठ माझी तपासणी झाली आणि मलाही तोच आजार निघाला. मी बरेच दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले, कारण मळ्यात राबणारे आम्ही दोघंच होतो, आणि अबोला धरून मेथी काही उपटली जात नाही.

गोळ्या लागू पडल्या. हे दोन भाकरींवर तिसरी मागायला लागले. आणि अंग असं भरत असतानाच ह्यांच्या हातून जुड्या सुटायला लागल्या. मेथीला सुतळीचा वेढा मारायचे आणि गाठ कशी मारायची तेच विसरून जायचे. पुढे उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. सासूबाई म्हणाल्या लकवा, आणि तेल कोमट करायला बसल्या.

मोठ्या दवाखान्यात मेंदूचा एमआरआय काढला. फोटोत पांढरे डाग दिसत होते. डॉक्टरबाई तेलुगू, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून माझ्याशी हिंदीत बोलल्या. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात दुसराच एक विषाणू शिरला होता. अंगात ताकद नव्हती तोवर त्याला कुणी अडवलं नाही. आता गोळ्यांनी ताकद आली, ती त्याच्याशी लढायला उठली, आणि त्या लढाईत मेंदूच सुजला.

"मतलब दवा ने काम किया, इसलिए?" मी विचारलं.

त्या हो म्हणाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, पण त्या बिचाऱ्या खरं तेच सांगत होत्या. सूज उतरायचं औषध त्यांनी दिलं. नेहमीच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा, म्हणाल्या, नाहीतर मूळ आजार उसळेल. हात परत येईल का विचारलं, तर "देखते हैं."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "त्या गोळ्या खायाले लागला अन् माह्या पोराचा हात गेला. बंद कर."

"डॉक्टरीण नाई म्हणते, मामी," मी सासूबाईंना म्हटलं.

"मंग तुले काऊन काई नाई झालं? एकाच डबीतल्या खाता ना दोघं?"

खरं सांगायचं तर आजाराचं नाव काढावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी खरंच सुधारत होते. केस गळायचे थांबले होते, ब्लाऊज दंडात घट्ट होत होते. सासूबाईंसमोर धडधाकट चालायचीही मला लाज वाटायची.

आता गोळ्या मी काढत होते. रोज ह्यांच्या तोंडात गोळी घालताना वाटायचं, मी औषध देते आहे की हातानं माणूस घालवते आहे? त्यातच एका संध्याकाळी ह्यांनी तोंड मिटून घेतलं. मान हलवली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "तो नाई म्हणून राह्यला. आता तरी आयक."

मी गोळी तळहातावर घेऊन तशीच बसले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात ह्यांनी डावा हात पुढे केला, चाचपडत गोळी उचलली आणि माझ्या ओठांना लावली. पहिली माझी. एवढं मात्र ते विसरले नव्हते.

मी गिळली. मग ह्यांनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं. असा भरवसा ठेवू नका हो माझ्यावर, मला काहीच कळत नाही, असं ओरडावंसं वाटलं. मी डबीतून दुसरी गोळी काढली आणि त्यांच्या जिभेवर ठेवली.