टेलरमास्तरांचा फीता

सीपरी बाजारातल्या आमच्या टेलरमास्तरांचं वजन उतरवायचं ऑपरेशन माझ्या तशाच ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी झालं होतं. दुपारी ते वाटीभर डाळ इवल्याशा चमच्यानं अर्धा तास खात बसत आणि मधेच हसून मला म्हणत, "दीदी, आराम से खाना."

माझ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात वजन उतरायचं थांबलं. कुर्ता अल्टर करायला गेले आणि त्यांच्यासमोर रडलेच. त्यांनी मापाचा फीता घेऊन कंबर मोजली, वहीतलं जुनं माप पाहिलं.

"काँटा रुका है, दीदी. फीता नहीं रुका. दो इंच कम!"

मग त्यांनी कुर्ता उसवला आणि पुन्हा सैल करता यावा म्हणून शिवणीत राखलेली जास्तीच्या कापडाची सगळी माया माझ्यादेखत कापून टाकली.

"अब ये वापस नहीं चाहिए."

मलाही ते खरं वाटलं.